विळा जड की हलका?



लोहाराकडे गेलो की आपण म्हणतो, "जड विळा दे बाबा, टिकला पाहिजे." आम्हीही तेच म्हणत होतो.

ऊस तोडायचा कोयता जड हवा, हे खरे. तिथे घाव घालायचा असतो. कोयत्याचे वजनच काम करते. पण भात कापताना घाव नसतो. मूठ धरायची नि विळा ओढायचा. तिथे वजनाचा उपयोग नाही. मनगट मात्र ते दिवसभर वाहते.

आमच्या घरी एकच जड विळा. कापणीला तोच सगळ्यांच्या हाती. एकदा दिवस कलताना सूनबाईंचा हात भरून आला. विळा घसरला, बोट कापले. चूक तिची नव्हती, आमची होती.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'वैभव' नावाचा हलका, दातेरी विळा काढला आहे. आम्ही तो आणला. थोरल्या भावाला अजून जडच आवडतो. त्याच्या हाताला तो बसतो, तर वापरू दे.

म्हणून विळा घेताना नुसता बघू नका. ज्याला कापायचे आहे, त्याच्या हातात द्या. दहा वेळा ओढून पाहू द्या. ज्याचा हात, त्याचा विळा!