रुसलेली लेक, अबोल बाप

मंडळी, आमच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी लेकी सासरी गेल्या. त्यांतल्या काहींची माहेरची वाट बंद झाली. का? तर हक्कसोडपत्रावर सही दिली नाही म्हणून!

कायदा काय सांगतो ते आधी ऐका. २००५ सालापासून हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाएवढाच आहे. २०२० साली सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केले. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे तिने ठरवावे. हिस्सा मागितला म्हणजे लेक बापावर उलटली, असे नव्हे.

पण कायदा हिस्सा देतो, माया देत नाही. ती हळूहळू जुळवावी लागते.

मुली, पंधरा दिवसांनी चार ओळींचे पत्र टाक, नाहीतर फोन कर. त्यात जमिनीचा विषय नको. "बाबा, गुडघा कसा आहे? पेरणी झाली का?" एवढेच विचार. उत्तर आले नाही तरी पुन्हा लिही. बाप बोलत नाही म्हणून त्याला माया नाही, असे समजू नकोस.

आणि बाबांनो, यंदा नागपंचमीला मुराळी म्हणून मुलाला धाडू नका. स्वतः जा. बोलता नाही आले तर ओसरीवर बसा, नातवंडाला जवळ घ्या. जमिनीचे बोलणे दुसऱ्या दिवशी, सातबारा समोर ठेवून, शांतपणे करा.

उसवलेली गोधडी एका टाक्यात शिवत नाही. मग पहिला टाका कोणी घालायचा? ज्याला अक्षर आले, त्याने!