आतडं तुटतं तेव्हा



उधळ्या मुलाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा मागून घेतो, दूरदेशी जाऊन तो उडवतो आणि डुकरं राखायची पाळी आल्यावर घराकडे वळतो. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. येशूने सांगितलेली ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात आहे.

मला ती कधी पटायची नाही. बाप असा धावतो होय? आमच्या घरी तसं झालं नव्हतं. माझा थोरला भाऊ जमिनीच्या पैशावरून भांडून मुंबईला गेला आणि चार वर्षांनी रिकाम्या हाताने परत आला. तो आल्याचं कळलं तेव्हा अम्मा तव्यावरची भाकरी तशीच टाकून एसटीच्या थांब्याकडे अनवाणी पळाली. अब्बा मात्र ओसरीवरच्या बाजेवरून उठले नाहीत. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. अम्मा भावाचा हात धरून आत आली आणि त्यांना म्हणाली, "चार वर्षं माझं आतडं तुटत होतं. तुमचं कसं तुटलं नाही?"

मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. ग्रीक मला येत नाही. पण माझे एक पाद्री मित्र आहेत. त्यांच्याकडे मूळ ग्रीक नवा करार आणि जाडजूड कोश आहे. एकदा मी माझी शंका बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी कोश उघडला. मुलाला पाहून बापाला 'कळवळा' आला, असं आपण मराठीत वाचतो. तिथे मूळ क्रियापद आहे 'स्प्लांख्निझोमाइ'. ते ज्या नामावरून आलं, त्या 'स्प्लांख्ना'चा अर्थ पोटातले अवयव, आतडी. मी चमकलोच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकमध्ये माझ्या अम्माचंच वाक्य लिहिलेलं होतं!

मित्राने मला तिथेच थांबवलं. म्हणाले, "शब्दाचं मूळ म्हणजेच शब्दाचा अर्थ, असं समजू नका." खरं आहे. 'तेल' हा शब्द तिळावरून आला, म्हणून खोबरेल तेल लावताना कुणाला तीळ आठवत नाही. शब्द कुठे आणि कसा वापरला आहे, तेही पाहावं लागतं. आम्ही पाहिलं. लूकमध्ये हे क्रियापद तीनच ठिकाणी येतं. नाईन गावाच्या वेशीत विधवेच्या एकुलत्या मुलाची तिरडी येते, तेव्हा येशू तिला पाहतो, त्याला कळवळा येतो आणि तो तिरडीला हात लावतो. चांगला शोमरोनी वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहतो, कळवळतो आणि जखमा बांधतो. त्याच्या आधी याजक आणि लेवी यांनीही त्या माणसाला पाहिलं होतं. पण त्यांच्या वाट्याला हा शब्द आलेला नाही. ते बाजूने निघून गेले. तिसरा हा बाप. तोही पाहतो, कळवळतो आणि धावतो. म्हणजे हा कळवळा नुसता मनात राहत नाही, तो माणसाला जागेवरून उठवतो.

असे शब्द मुळाशी जाऊन पाहण्याचे कष्ट आपल्याकडेही झाले आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी केडगावला वर्षानुवर्षं काम केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून आलं.

आता हिब्रूकडे वळू. जुन्या करारात दयेसाठी 'रहमीम' हा शब्द येतो. त्याच धातूचा 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. हिब्रू ही अरबीची बहीण. अरबीतही गर्भाशयाला 'रहिम' म्हणतात. लहानपणापासून मी बिस्मिल्ला म्हणताना अल्लाहची 'रहमान' आणि 'रहीम' ही जी दोन नावं घेत आलो, ती याच धातूची. नाती जपण्याला आमच्याकडे 'सिलारहमी' म्हणतात, त्यातही तोच शब्द. शलमोन राजापुढे, म्हणजे आमच्या सुलेमानपुढे, एका बाळावर दोघी हक्क सांगतात. बाळ चिरायचा हुकूम होताच खऱ्या आईचं 'रहमीम' पेटतं आणि ती हक्क सोडून देते. आईच्या बाबतीत हे सहज समजतं.

पण उत्पत्तीच्या पुस्तकात हाच शब्द एका पुरुषासाठीही आला आहे. योसेफ, आमचा यूसुफ, मिसर देशात मोठा अधिकारी झालेला असतो. धाकटा भाऊ बन्यामीन समोर येतो, तेव्हा त्याचं 'रहमीम' भरून येतं. तो काय करतो? धावत नाही, मिठी मारत नाही. घाईघाईने आतल्या खोलीत जातो, रडतो, तोंड धुतो आणि स्वतःला सावरून बाहेर येतो.

ही ओळ मित्राने समजावून सांगितली, तेव्हा मला ओसरीवरची ती बाज दिसली. आमच्या घराला आतली खोली नव्हती. अब्बांना होती ती एक भिंत.

अब्बा आता नाहीत. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून ते काय करत होते, हे विचारायचं राहून गेलं. त्यांच्या त्या पाठीचा मी इतकी वर्षं एकच अर्थ लावत होतो. आता तसा लावत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)