तणनाशक आणि मजुराची छाती



तोंडाला रुमाल बांधून, पाठीवर पंप घेऊन शेतात फवारणी करणारा मजूर आपण सर्वांनी पाहिला आहे. नाकतोंड झाकले म्हणजे छाती सुरक्षित राहिली, अशी त्याची, त्याच्या धन्याची आणि पुष्कळदा आपलीही समजूत असते. ती अपुरी आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

पॅराक्वाट या तणनाशकाचे उदाहरण घेऊ. ते १९६२ साली बाजारात आले. त्याच्या फवाऱ्याचे थेंब बहुधा मोठे असतात. ते नाकाघशात अडतात. तेथे आग होते, कधी घोळणा फुटतो. परंतु फुप्फुसापर्यंत जाण्याची त्याची वाट निराळी आहे. गळक्या पंपातून पाठीवर झिरपून खरचटलेल्या कातडीत मुरलेले किंवा न धुतलेल्या हाताने मळलेल्या तंबाखूबरोबर पोटात गेलेले विष रक्तात मिसळते. फुप्फुसातील पेशी काही नैसर्गिक द्रव्ये रक्तातून ओढून घेतात. पॅराक्वाटची घडण त्यांच्याशी मिळतीजुळती असल्याने त्या त्यालाही आत घेतात. मग ज्या प्राणवायूवर जीव जगतो, त्याच्याच साहाय्याने हे विष पेशींचा नाश करते. मात्रा मोठी असेल तर फुप्फुस राठ होते व श्वास कोंडतो. यावर खात्रीचा उतारा नाही.

थोड्या मात्रेचे काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत आयोवा व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ साली सुरू झालेल्या पाहणीत पॅराक्वाट आणि इतर काही औषधे वापरणाऱ्या शेतकऱ्यांत छातीची घरघर अधिक आढळली. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण सावध होण्यास ते पुरेसे आहे.

तेव्हा उपाय काय? भिजलेला रुमाल तर विष तोंडाशीच धरून ठेवतो. रबरी हातमोजे, न गळणारा पंप, औषध कालवताना चेहऱ्यावर आडोसा, वाऱ्याकडे पाठ आणि बांधावर साबण-पाणी, हे खरे रक्षण. अंगावर सांडलेच तर कपडे उतरवून अंग धुवावे आणि त्रासाची वाट न पाहता बाटलीसह डॉक्टरांकडे जावे.

हे सारे कोणी पुरवावयाचे? औषध निवडतो धनी, आणि ते अंगावर घेतो मजूर. या सभेत बसलेल्या पुष्कळांची गावाकडे जमीन आहे. बाटलीवरचा मजकूर मजुराला वाचून दाखविणे हे आपलेच काम आहे. तणनाशकामुळे खुरपणीचा खर्च वाचतो, हे आम्ही नाकारीत नाही. त्या वाचलेल्या पैशातला पहिला रुपया हातमोज्यांवर खर्च व्हावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.