लाकूड फाटलं पाहिजे, सांधा नाही

मी वर्तकनगरहून बोलतोय. रेकॉर्डिंगमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, ट्रान्सक्रिप्टमध्ये नाहीत, तेवढाच वाचणाऱ्यांचा फायदा.

आजचा विषय आहे घरी बनवलेलं विमान. ड्रोन नाही, थर्माकोलचं मॉडेलही नाही. आत माणूस बसतो असं विमान. आणि त्यातही लाकडाचं.

आमच्या भागात हा विषय वाटतो तितका परका नाही बरं का. पोखरण रोडवर रेमंडची मिल होती ना, त्याच रेमंडचे विजयपत सिंघानिया 1988 मध्ये मायक्रोलाइट विमानातून एकटे लंडनहून भारतापर्यंत आले होते. मायक्रोलाइट म्हणजे काय, तर साधारण पंख लावलेली स्कूटर. अर्थात त्यांच्याकडे पैसे होते. आपण बोलणार आहोत ते गच्चीवाल्यांबद्दल.

गच्चीवाले म्हटलं की एकच नाव येतं : कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत चारकोपला पाच मजली इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटचं विमान बनवलं. इमारतीला लिफ्ट नाही. लेथ मशीन, वेल्डिंग मशीन, सगळं जिन्याने वर. फेब्रुवारी 2016 मध्ये बीकेसीला ‘मेक इन इंडिया’चं प्रदर्शन होतं, तेव्हा ते विमान सुटं करून क्रेनने खाली उतरवलं. हे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलेत, फॅमिली ग्रुपवर काकांनी ‘जुगाड’ असं लिहून पाठवलेत.

मला या ‘जुगाड’ शब्दाची चीड येते. यादव स्वतः पायलट. 1998 पासून ते या कामाच्या मागे होते, हे त्यांचं तिसरं विमान. नोंदणीसाठी 2011 पासून डीजीसीएकडे प्रयत्न चालू होते, ती मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर 2019. आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान हवेत गेलं ऑगस्ट 2020 मध्ये. गच्चीवरून खाली आलेलं विमान वर जायला साडेचार वर्षं लागली. व्हायरल व्हिडिओ मात्र क्रेनपाशी संपतो. खरं विमान बनतं ते त्याच्यानंतर.

यादवांचं विमान धातूचं. घरी विमान बनवणाऱ्यांचं जुनं मटेरियल मात्र लाकूड. राइट बंधूंचं 1903 चं विमान लाकूड आणि कापडाचं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं मॉस्किटो हे लढाऊ विमान प्लायवूड आणि बाल्साचं होतं. आपल्याकडे 1961 मध्ये ‘रोहिणी’ नावाचं दोन सीटचं ग्लायडर उडालं, तेही लाकडी. लाकूड हलकं असतं, घरातल्या हत्यारांनी कापता येतं, वेल्डिंग लागत नाही. एकच गोष्ट लागते : चिकटवणं. आणि सगळी गोम तिथेच आहे.

गेल्या डिसेंबरपासून मी घरी पंखाच्या रिब्ज बनवतोय. रिब म्हणजे पंखाची बरगडी. पंख आडवा कापला की जो माशासारखा आकार दिसतो, तो. फळीवर आकार काढायचा, कडेने छोटे ठोकळे ठोकून साचा करायचा, त्यात पेन्सिलीएवढ्या जाड पट्ट्या वाकवून बसवायच्या. जिथे दोन पट्ट्या भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे छोटे त्रिकोण चिकटवायचे. एक रिब माझ्या हातात शंभर-दीडशे ग्रॅमची होते. आमचे सुतारकाका ती उचलून म्हणाले, “यावर बसणार कोण, चिमणी?” (हसतो.)

या रिब्ज उडवायच्या नाहीत, मोडायच्या आहेत. आईने पहिल्याच दिवशी तेवढं लिहून मागितलं होतं. लाकूड साधं पाइन आहे, सरळ रेषांचं, बिनगाठीचं निवडून घेतलेलं. विमानाला जो स्प्रूस वापरतात तो इथल्या वखारीत मिळत नाही.

आता मोडायचं का? तर लाकडी विमानात शेकडो सांधे असतात, आणि सांधा आतून चांगला आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. गम कमी पडला, मिश्रणाचं प्रमाण चुकलं, दाब कमी पडला, तरी वरून सगळं छान दिसतं. म्हणून नियम असा, की दरवेळी गमचं मिश्रण केलं की त्याच मिश्रणाने दोन फालतू तुकडे चिकटवून ठेवायचे, वर तारीख टाकायची. वाळले की शिकंजात धरून मोडायचे. लाकूड फाटलं तर सांधा पास. गमच्या रेषेतून तुकडे स्वच्छ सुटले तर नापास, आणि त्या दिवशी त्या मिश्रणाने जे जे चिकटवलं ते सगळं बाद. सगळं म्हणजे सगळं.

आपण सॉफ्टवेअरवाले याला टेस्टिंग म्हणू, पण आपल्याकडे रात्री अकराला काही फाटलं तर रोलबॅक करतो, शनिवारी पिझ्झा मागवतो आणि विसरतो. हजार फुटांवर रोलबॅक नाही.

आणि आपली हवा! नोव्हेंबर 1944 मध्ये भारतातली मॉस्किटो विमानं जमिनीवर बसवावी लागली होती, कारण काहींचे पंख हवेत तुटले. दोष उष्ण-दमट हवेचा की कारखान्यातल्या चिकटवण्याचा, यावर बरीच भवति न भवति झाली. विचार करा, ती कारखान्यात, तपासनीस उभे असताना बनलेली विमानं होती. आमच्या घरी जुलैत बाथरूमचा दरवाजा लागत नाही इतका फुगतो. त्याच हवेत माझ्या रिब्ज पडून आहेत. गणपतीनंतर त्यातल्या अर्ध्या मोडणार, अर्ध्या पुढच्या वर्षी.

समजा सगळे सांधे पास झाले. मग पूर्ण पंख उलटा टांगायचा आणि त्यावर वाळूच्या गोण्या रचायच्या. उलटा अशासाठी, की उडताना हवा पंखाला वर ढकलते आणि गोण्या खाली दाबतात. किती गोण्या? साध्या विमानासाठी वजनाच्या 3.8 पट भार धरतात, त्यावर दीडपट सुरक्षा. म्हणजे 300 किलोच्या विमानाच्या पंखांनी ढोबळमानाने 1,700 किलो पेलायला हवेत. आमच्या गच्चीवर हा प्रयोग केला तर आधी सोसायटी कोसळेल.

एवढं करूनही माणसं मेली आहेत, कारण मजबूत असणं आणि नीट उडणं या दोन वेगळ्या गोष्टी. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये नावाच्या माणसाने 1933 मध्ये एक चिमुकलं लाकडी विमान बनवलं. खोकं ठोकता येतं त्याला हे बनवता येईल, असं त्याचं म्हणणं. पुस्तक निघालं, युरोपभर लोकांनी घरोघरी ते बनवलं. मग अपघात सुरू झाले. विमानाने जास्त नाक खाली घातलं की ते परत वर येत नसे. पायलट दांडा ओढतोय आणि विमान ऐकत नाहीये. ही खोड सांध्यात नव्हती, दोन पंखांच्या मांडणीत होती, आणि ती नीट समजली ती माणसं गेल्यावर, अख्खं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं तेव्हा.

हे सगळं आज सांगण्याचं कारण एक मेसेज. अंबरनाथचा एक श्रोता आहे, आयटीआय झालेला. “दादा, मी पण बनवतोय. पंख लाकडाचे, इंजिन बाइकचं. दिवाळीत नेवाळीला ट्राय मारणार.” नेवाळी म्हणजे कल्याणजवळची महायुद्धातली जुनी धावपट्टी. त्या जमिनीवरून शेतकरी आणि संरक्षण खात्यात वाद आहे, ते एक वेगळंच. सोबत फोटो होते. काम सुबक होतं, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. मला रात्रभर झोप लागली नाही.

कारण मला फुलसावंगी आठवलं. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. तिथल्या एका तरुणाने, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या, आठवीपर्यंत शिकलेल्या, मारुती 800 चं इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी चालू असताना शेपटाचं पातं तुटलं, ते वरच्या पंख्यावर आदळलं, आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. हेलिकॉप्टर जमिनीवरच होतं. तो गेला. बातम्यांनी त्याला ‘रँचो’ म्हटलं.

त्याला अक्कल नव्हती असं म्हणणाऱ्याला मी ब्लॉक करतो. रिकाम्या हातांनी फिरतं यंत्र उभं करणं म्हणजे काय, हे एकदा करून बघा. त्याच्याजवळ नव्हता तो बाजूला उभा राहून एवढंच सांगणारा माणूस, की पातं पहिल्यांदा पूर्ण वेगाने फिरवताना आत बसायचं नाही. लांब केबलने थ्रॉटल द्यायचा, मध्ये वाळूच्या गोण्यांची भिंत उभी करायची, पात्याच्या रेषेत कोणी थांबायचं नाही. हे यूट्यूबवर असतंही, पण त्या व्हिडिओला व्ह्यूज नसतात. यादवांना विमान माहीत होतं, पगार होता, आणि अडवणारं सरकारी खातंही होतं. त्या अडवण्याला आपण नुसत्या शिव्या घालतो. काही शिव्या योग्यच आहेत, सहा वर्षं नोंदणीला लागणं हे काही भूषण नाही. पण फुलसावंगीला कोणी अडवायलाही पोचलं नाही.

तर अंबरनाथच्या मित्राला मी लिहिलं : नेवाळी विसर. बिननोंदणीचं विमान उडवणं बेकायदा आहे, पण ते बाजूला ठेव. इंजिन आधी लोखंडी स्टँडवर बांध आणि लांबून चालव. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला एकदा जाऊन ये, विमान हातात आल्यावर कसं वागतं ते तिथे कळेल. आणि नमुन्याचे दहा सांधे बनव, मोड, मला सांग.

चार दिवस उत्तर नाही. मला वाटलं रागावला. पाचव्या दिवशी फोटो आला. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर वीस तुकडे ओळीत मांडलेले, प्रत्येकावर मार्करने तारीख. खाली लिहिलं होतं, “दहापैकी सहा गमातून सुटले दादा. पंख खोलतोय.”