चित्र दाखवायला घराबाहेर पडा



चित्रकलेतल्या करिअरवर बोला, असं मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर सांगितलं होतं. मी तयारीही केली होती. पण माझ्या या शाळेच्या फाटकातून आत आलो, कोपऱ्यातली चित्रकलेची खोली दिसली आणि ती तयारी मागे पडली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा जवळ आली की आमचे चित्रकलेचे सर घरून तांब्या, वांगी, कांदे घेऊन यायचे आणि टेबलावर मांडून आम्हाला स्थिरचित्राला बसवायचे. सर, तुम्ही समोर पहिल्या रांगेत आहात. तुम्ही आमच्या कागदावर स्वतःची पेन्सिल कधी चालवली नाहीत. 'पुन्हा बघ' एवढंच म्हणायचात. बघायला मी त्या खोलीत शिकलो.

करिअरचं थोडक्यात सांगतो. जवळ छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, मुंबईला 1857 पासूनचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. प्रवेशाची माहिती तुमचे कलाशिक्षक देतील. मला आज एका शिक्षकाबद्दल बोलायचं आहे.

वॉल्टर लँगहॅमर. जन्म 1905, ऑस्ट्रियातल्या ग्राझचा. ते व्हिएन्नात चित्रकला शिकवत. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. पत्नी केटे ज्यू कुळातल्या, त्यामुळे तिथे राहणं जिवावरचं झालं. मुंबईच्या एका पारशी विद्यार्थिनीच्या मदतीने हे जोडपं मुंबईत आलं. परका देश, परकी भाषा. ते 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले आणि रविवारी नेपियन सी रोडवरचं आपलं घर तरुण चित्रकारांसाठी उघडं ठेवू लागले. तिथे चित्रं समोर ठेवली जायची, त्यांच्यावर बोललं जायचं. युरोपातल्या नव्या चित्रकलेची ओळख व्हायची. ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करणारे सय्यद हैदर रझा तिथे जायचे. कृष्णाजी हौळाजी आराही जायचे.

आरांचं नाव जालन्याच्या मुलांनी लक्षात ठेवावं. जन्म 1914, हैदराबादजवळच्या बोलारमचा, म्हणजे तेव्हा आपला जालना ज्या निजामी राज्यात होता, तिथलाच हा मुलगा. लहानपणी घरातून पळून मुंबईला गेला, लोकांच्या घरी नोकर म्हणून राबला, मोटारी धुतल्या. चित्रं मात्र सोडली नाहीत. लँगहॅमर आणि कलासमीक्षक रूडी फॉन लेडन यांनी ती पाहिली, पाठ थोपटली आणि 1942 मध्ये मुंबईत आरांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्यात सूझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्या जोडीला रझा होते आणि आराही होते.

मित्रांनो, म्हणून माझं एकच सांगणं आहे. केलेलं काम दाखवा. जाणत्या माणसाच्या घरी जा, चित्र त्याच्या समोर ठेवा आणि तो बोलत असताना तिथेच उभे राहा. स्टेटसला फोटो टाकून अंगठे मोजणं म्हणजे दाखवणं नव्हे. अंगठा देणाऱ्याने तुमचं चित्र दोन क्षणही पाहिलेलं नसतं. हात कुठे चुकला, रंग कुठे मेला, हे समोरासमोरच कळतं. गाणं करा, कविता करा, शेतीचं यंत्र जोडा, नियम हाच. आरांनी चित्रं खोलीत दडवून ठेवली असती तर आज त्यांचं नाव कुणाला माहीत असतं?

पालकहो, 'चित्रं काढून पोट भरतं का' हा प्रश्न घरी विचारण्याआधी पोराची वही एकदा उघडून पाहा.

आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना, मुख्याध्यापिका बाईंना माझी हात जोडून विनंती आहे. वेळापत्रक आखताना चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका. ती कोपऱ्यातली खोली शनिवारी शाळा सुटल्यावरही उघडी ठेवा, जालन्यातल्या कुठल्याही शाळेच्या मुलाला आत येऊ द्या. महिन्यातून एका शनिवारी मी येईन, मुलांची चित्रं बघायला. पहिला शनिवार आजच ठरवूया.