लाजेपायी तीन महिने
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. शास्त्रावर काय बोलणार? घरात घडले तेवढे सांगते. जाऊबाईंनीच सांगायला लावले आहे.

त्यांची पाळी जाऊन सहा वर्षे झाली होती. पुन्हा अंगावर जाऊ लागले, तरी लाजेपायी तीन महिने बोलल्या नाहीत. शेवटी तुकडा तपासला, तो गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. किती खोल गेला हे पाहायला एमआरआय काढला.

त्यातले डिफ्यूजनचे चित्र डॉक्टरीणबाईंनी समजावले. शरीरातले पाणी सारखे हलत असते. हळदीकुंकवाला या हॉलमध्ये गर्दी झाली की पाऊल टाकता येत नाही ना? तसेच कॅन्सरच्या पेशी दाटीने वाढतात, तेथे पाण्याला हलायला जागा उरत नाही. ती जागा चित्रात उजळ दिसते. मात्र पू दाटला तरी तसेच दिसते. म्हणून नुसत्या चित्रावर भागत नाही, तुकडा तपासावाच लागतो.

यंत्र ठकठक फार करते, पण त्यात क्ष-किरण नसतात. मंगळसूत्र, बांगड्या काढाव्या लागतात. छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगावे.

जाऊबाईंचा रोग अस्तरापुरताच होता. ऑपरेशन झाले, आज त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. परंतु ते तीन महिने आठवले की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

भगिनींनो, पाळी गेल्यावर एक डाग दिसला तरी लाजू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. एवढेच सांगून मी आपली रजा घेते.