एडी हिंटन: दुसऱ्यांच्या गाण्यांतला गिटारवाला

द स्टेपल सिंगर्सचं १९७२ सालचं ‘आय विल टेक यू देअर’ ऐकलंय? त्यात गिटारचा तुकडा सुरू होण्याआधी गायिका मेव्हिस स्टेपल्स वडिलांना साद घालते. वडील याच गटातले, स्वतः नावाजलेले गिटारवादक. पण तो तुकडा वाजवलाय एडी हिंटननं!

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मसल शोल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ध्वनिमुद्रणांत गायक बहुधा कृष्णवर्णीय आणि साथीदार बरेचसे गोरे असत. हिंटन त्यांपैकीच एक. तो गाणीही लिहायचा. डॉनी फ्रिट्सबरोबर लिहिलेलं ‘ब्रेकफास्ट इन बेड’ डस्टी स्प्रिंगफिल्डनं गायलं.

त्याचा स्वतःचा पहिला अल्बम मात्र १९७८ मध्ये आला, ‘व्हेरी एक्स्ट्रीमली डेंजरस’. काय आवाज आहे! खरखरीत, फाटका, सोल गायक ओटिस रेडिंगच्या वळणाचा. मागे ब्रासची वाद्यं सोल संगीताच्या थाटात वाजतात, गिटार मध्येच ब्लूजकडे झुकते, आणि ठेका रॉकचा. मला यातली मिसळण मुद्दाम केलेली वाटत नाही. त्याच्या कानाला हे सगळं एकच संगीत असावं.

अल्बम निघाला आणि थोड्याच काळात तो काढणारी कॅप्रिकॉर्न ही कंपनी दिवाळखोरीत गेली. हिंटनचेही हलाखीचे दिवस आले. तरी १९८७ मध्ये तो ‘लेटर्स फ्रॉम मिसिसिपी’ घेऊन परतला. १९९५ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, तो गेला. ‘हार्ड लक गाय’ हा अल्बम त्याच्यामागे, १९९९ मध्ये निघाला. सुरुवात मात्र पहिल्या अल्बमपासूनच करा, आणि आवाज जरा मोठा ठेवा.